बायपोलरमधलं डिप्रेशन, ३१ सेशन्स आणि माळ्यावरच्या बरण्या

मागच्या महिन्यात, म्हणजे जुलै २०२५ मध्ये, माझं एकतिसावं आणि आत्तापुरतं शेवटचं सेशन झालं. दीड वर्षापूर्वी मी थेरपी शोधायला लागलो तेव्हा मराठीत जे सापडायचं ते एकतर "सकारात्मक विचार करा" टाइप, नाहीतर पुस्तकी, लक्षणं वगैरे देऊन शेवटी तज्ज्ञांचा सल्ला घ्या. तो सल्ला घ्यायला नेमकं कुठल्या दारात जायचं, पैसे किती लागतात, आत गेल्यावर बोलायचं काय, हे कोणी सांगत नव्हतं. म्हणून जमेल तसं लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही, नाशिकला एका सीएंच्या ऑफिसात अकाउंटंट आहे, त्यामुळे तारखा आणि रकमा जरा जास्तच येतील, सवय आहे ती.

आधी थोडं मागचं. २०१९ ला पहिल्यांदा डिप्रेशन आलं, ते फॅमिली डॉक्टरांच्या गोळ्यांवर चार महिन्यांत निवळलं आणि मी विसरून गेलो. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये उलटंच झालं. झोप आपोआप चार तासांवर आली आणि दमायला म्हणून काही होईना, पहाटे तीनला उठून मी हिशोब मांडत बसायचो, कसले तर मनुक्यांचे. तासगावहून मनुके आणायचे, बरण्यांत भरायचे आणि ऑनलाइन विकायचे. डोकं असं पळत होतं की ऑफिसात लोक म्हणायला लागले काय रे, फॉर्मात आहेस. त्या फॉर्मात मी साडेतीन लाखांचं पर्सनल लोन काढलं आणि ६०० काचेच्या बरण्या घेतल्या, ३८ रुपयाला एक. बायकोला कळलं ते टेम्पो दारात उभा राहिल्यावर. फेब्रुवारी २०२३ मध्ये एका सकाळी उठवेचना. बाहेर हॉलमध्ये खोक्यांवर खोकी आणि मी आत भिंतीकडे तोंड करून. मनुका म्हणाल तर घरात एक किलोही आला नव्हता.

मे २०२३ मध्ये सायकिॲट्रिस्टनी बायपोलर टू सांगितलं. बायपोलर म्हणजे मूड कधी फार वर, कधी फार खाली जाण्याचा आजार, आणि वरच्या टोकाला मॅनिया म्हणतात. टू म्हणजे पूर्ण मॅनिया नाही, त्याचा सौम्य प्रकार, हायपोमॅनिया, पण डिप्रेशन मात्र पुरेपूर मापाचं. २०१९ चा गोळ्यांचा कागद बायकोने फाइलला लावून ठेवला होता तो इथे कामाला आला. बायपोलरमध्ये नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर काही जणांची गाडी एकदम वरच्या टोकाला जाऊ शकते, म्हणून आधी काय घेतलं, किती दिवस घेतलं हे डॉक्टर खोदून विचारतात. तेव्हा जुनी प्रिस्क्रिप्शन्स टाकू नका. लिथियम सुरू झालं, मूड स्थिर ठेवायची गोळी, पुढे लॅमोट्रिजिन, तीही त्याचसाठी, ही २५ मिलिग्रॅमपासून दोन-दोन आठवड्यांनी हळूहळू वाढवतात कारण अंगावर रॅश येण्याची भीती असते. लिथियमची रक्ततपासणी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी करायची असते, मी पहिल्यांदा तीन तासांतच जाऊन आलो, आकडा भलताच आला, डॉक्टरांनी परत करायला लावली, ५५० रुपये पाण्यात. आणि डोकं दुखलं म्हणून मेडिकलमधून मनाने पेनकिलर आणायची नाही, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तातलं लिथियम वाढतं, हे मला सहा महिन्यांनी कळलं.

गोळ्यांनी बुडणं थांबलं. पाय जमिनीला लागले असं म्हणू. पण वर काही येईना. जानेवारी २०२४ पर्यंत मी ऑफिसला जात होतो, पण कसा, तर तीन-तीन दिवसांनी आंघोळ, दोन वाक्यांचा ईमेल लिहायला पाऊण तास, आणि घरी आलो की परत आडवा. मुलगी तिसरीत होती, ती माझ्या खोलीत येताना दार वाजवायला लागली होती. तिला कोणी शिकवलं नव्हतं. १३ जानेवारीच्या फॉलोअपला डॉक्टर म्हणाले, औषध आहे तसं चालू ठेवू, पण आता याच्या जोडीला टॉक थेरपी घ्या, माझ्याकडे पंधरा मिनिटं असतात, त्यात हे होणार नाही. त्यांनी लेटरहेडवर चार ओळींची रेफरल चिठ्ठी दिली, निदान, चालू औषधं आणि लिथियमची शेवटची लेव्हल. ती मागून घ्या, पुढे प्रत्येक ठिकाणी विचारतात.

आता शोध. पहिल्यांदा गेलो ते ओळखीतून, एक काउन्सेलर, पाटी मोठी, खोलीत धबधब्याचं पोस्टर. चाळीस मिनिटं ते स्वतःच बोलले आणि शेवटी म्हणाले या केमिकल गोळ्या हळूहळू कमी करा, मनाची ताकद वाढवू. ९०० रुपये दिले आणि बाहेर आलो. खरं सांगू, त्या दिवशी मला ते पटलेलं. लिथियम घेतोय म्हणजे आपण काहीतरी कायमचे बिघडलेले, असं आत कुठेतरी वाटत असतंच ना, तर कोणीतरी म्हणतंय सोडा, बरं वाटतं. बायकोने डॉक्टरांच्या क्लिनिकला फोन लावला आणि फोन माझ्या कानाला लावला, म्हणून गोळ्या सुटल्या नाहीत.

दुसरीकडे एका सरकारी हॉस्पिटलच्या मनोविकार ओपीडीत गेलो. केसपेपरलाही पैसे पडले नाहीत, ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या हॉस्पिटलांत उपचार मोफत झालेत. तिथल्या सायकॉलॉजिस्ट बाई चांगल्या होत्या, नीट ऐकून घेतलं, पण बाहेर बाकावर पन्नास माणसं आणि मला पुढची तारीख मिळाली पाच आठवड्यांनंतरची. ज्याला खर्च झेपणार नाही त्याने ही वाट नक्की धरावी, औषधं तरी नियमित मिळतात. मला मात्र दर आठवड्याला कोणीतरी हवं होतं.

मग डॉक्टरांच्या रिसेप्शनिस्टने एक गोष्ट सांगितली जी मला आधी कोणीच सांगितली नव्हती. काउन्सेलर अशी पाटी बरेच जण लावतात, पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. त्यांचा सीआरआर नंबर असतो, तो विचारायचा. विचारायला लाजू नका, आपण प्लंबरला पण विचारतो आधी कुठे काम केलंय. मी तीन ठिकाणी फोन केले आणि तिघांना तेच तीन प्रश्न: नोंदणी नंबर काय, बायपोलरचे पेशंट बघता का, आणि माझ्या सायकिॲट्रिस्टशी बोलायची तयारी आहे का. एका ठिकाणी तिसऱ्या प्रश्नावर "तशी गरज पडत नाही" असं उत्तर आलं, तिथे मी थांबलो. गंगापूर रोडच्या एका मॅडम तिन्हीला हो म्हणाल्या. फोन केला २४ फेब्रुवारीला, पहिली वेळ मिळाली ६ एप्रिलची. सहा आठवडे.

ते सहा आठवडे सगळ्यात वाईट गेले. आशा लागली की वाट बघणं जास्त जड होतं. मार्चमध्ये एका रात्री फारच वाईट विचार यायला लागले तेव्हा मी १४४१६ ला फोन केला, ती सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, टेलिमानस, ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली, फुकट आहे, चोवीस तास चालू असते. मराठी निवडता येतं. पलीकडच्या मुलीने वीसेक मिनिटं बोलून घेतलं, घरात कोण जागं आहे विचारलं आणि म्हणाली त्यांना उठवा, मी लाइनवर आहे. मी बायकोला उठवलं. एवढंच. पण त्या रात्रीपासून माझ्या गोळ्यांचा डबा तिच्याकडे गेला आणि मला आठवड्याच्या आठवड्याला गोळ्या मिळायला लागल्या. मला राग आला होता, आता नाही.

६ एप्रिल, शनिवार, सकाळी साडेअकरा. पहिलं सेशन दीड तासाचं, १८०० रुपये, पुढची ५० मिनिटांची १२०० ला. आधी फॉर्म. संमतीपत्र, इमर्जन्सीला कोणाला फोन करायचा, आणि गोपनीयतेबद्दल एक पान, की इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, फक्त तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका वाटला तर सांगावं लागेल. मग नऊ प्रश्नांचा कागद, पीएचक्यू नाइन, डिप्रेशन किती आहे ते मोजणारा, मार्क जितके जास्त तितकं वाईट, मराठीत होता, २७ पैकी माझे १९ आले. शाळेत गणितात यायचे तेवढे.

मला वाटलेलं आता लहानपण काढणार, वडील कसे होते वगैरे. मॅडमनी विचारलं, "सकाळी किती वाजता उठता?" मी म्हटलं ठरलेलं नाही. "काल? परवा?" मग त्यांनी एक लांब कागद आडवा धरला, मधे रेघ मारली आणि २०१९ पासून माझे सगळे चढउतार रेघेच्या वर आणि खाली काढायला लावले, त्याच्याखाली त्या त्या वेळी आयुष्यात काय चाललं होतं ते. तेव्हा दिसलं की नोव्हेंबर २०२२ च्या आधी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टॅक्स ऑडिटची मुदत होती आणि मी सलग पाच आठवडे रात्री एक-दीडला झोपत होतो. वर जायच्या आधी झोप गेली होती. मी कायम समजत होतो की उत्साह वाढला म्हणून झोप कमी झाली. माझ्या बाबतीत सुरुवात दुसऱ्या टोकाने झाली होती. दीड वर्षात हे मला दिसलं नव्हतं, आणि मी लोकांच्या लेजरमधल्या अठरा रुपयांच्या फरकामागे दोन दिवस घालवणारा माणूस.

घरी न्यायला एक तक्ता मिळाला, रोज पाच गोष्टींची वेळ लिहायची: अंथरुणातून उठलो कधी, दिवसात पहिल्यांदा माणसाशी बोललो कधी, काम सुरू कधी, रात्रीचं जेवण कधी, झोपायला गेलो कधी. बास. बायपोलरसाठीच बनवलेली एक पद्धत आहे, रोजच्या वेळा एका लयीत आणायच्या आणि सोबत नात्यांमधल्या गोष्टींवर बोलायचं, अमेरिकेत पिट्सबर्गला एलन फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली, हा तक्ता त्यातलाच. मॅडम काही एकाच पद्धतीने चालत नव्हत्या, थोडं हे, थोडं सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायची थेरपी, थोडं घरच्यांना घेऊन. पण सुरुवात तक्त्याने.

तो पहिला तक्ता माझ्याकडे अजून आहे. उठण्याची वेळ ७.१०, ९.३०, ८.००, रविवारी १२.४५. आणि दुसऱ्या रकान्यात, पहिल्यांदा बोललो कधी, तिथे ११, ११.३०, रविवारी २. मॅडमनी बोट ठेवलं. "घरात कोण कोण असतं?" म्हटलं बायको, मुलगी, आई. "मग अकरा वाजेपर्यंत?" मला उत्तर देता येईना. सकाळी तिघी घरात असतात, आई चहा आणून ठेवते, मुलगी बूट शोधत माझ्या पलंगाखाली वाकते, आणि मी ऑफिसात पोचून शिपायाला "फाइल आण" म्हणेपर्यंत एक शब्द बोललेला नसायचो. मी बोलत नव्हतो हेच मला माहीत नव्हतं. त्या आठवड्याचं काम ठरलं: साडेसातच्या आत एक वाक्य. कुठलंही. मी मंगळवारी, चैत्र सुरू होता, आईला म्हटलं "कडुलिंब कडू आहे." ती म्हणाली "मग काय गोड असणार का?" आणि हसली. तक्त्यावर ७.२०.

पुढचे दोन महिने दर शनिवारी. असं वाटू नका देऊ की लगेच बरं वाटायला लागलं. तिसऱ्या सेशनला त्यांनी मरणाच्या विचारांबद्दल थेट विचारलं, अगदी "जेवलात का" इतक्या साध्या आवाजात, आणि मी पहिल्यांदा सगळं सांगितलं. त्या घाबरल्या नाहीत, गप्पही बसल्या नाहीत. एक कागद केला, विचार सुरू होतात तेव्हा आधी काय होतं, तेव्हा मी कुठल्या खोलीत जायचं, कोणाला फोन करायचा, त्या क्रमाने तीन नावं, मग १४४१६. तो पाकिटात ठेवला. पाचव्या सेशनला मी ठरवलं होतं की आता बंद करू, १२०० रुपये देऊन टॉवेलवर चर्चा करायला मी वेडा आहे का. टॉवेलचं असं, की आंघोळ होत नव्हती तर त्या म्हणाल्या आंघोळ करू नका, रात्री फक्त टॉवेल बाथरूमच्या खुंटीवर नेऊन ठेवा. चार दिवस नुसता टॉवेल. पाचव्या दिवशी टॉवेल तिथे आहेच म्हणून तोंड धुतलं, सहाव्या दिवशी आंघोळ. ऐकायला बालिश वाटतं, मला पण वाटलं, मी तसं त्यांना म्हणालोही. त्यांनी विचारलं, आज आंघोळ केलीये का? केली होती.

विचारांवर काम सुरू झालं ते मेच्या मध्यात. माझं एक वाक्य होतं, "मी घर बुडवलं." दिवसातून पन्नास वेळा. मॅडम म्हणाल्या तुमच्या भाषेत मांडा, जमा आणि नावे. नावेला साडेतीन लाखांचं लोन, हप्ता ११,८७८, बरण्या २२,८००, आईचा राग, बायकोचा विश्वास. जमेला मी काही लिहीना. त्यांनी विचारलं, हप्ता कोण भरतंय? मीच. किती चुकले? एकही नाही. मग ते कुठे लिहिणार? मी वाद घातला की हप्ता भरणं ही जमा नाही, देणं फेडणं आहे. दहा मिनिटं आम्ही जमाखर्चाच्या नियमांवर भांडलो आणि घरी जाताना रिक्षात लक्षात आलं की दोन महिन्यांत मी पहिल्यांदा कशावर तरी जोर लावून बोललो होतो.

सगळ्यात अवघड होतं ते वेगळंच. डिप्रेशनमध्ये पडल्या पडल्या मला त्या नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या माणसाची आठवण यायची. तो खरा मी, हुशार, चपळ, सगळ्यांना आवडणारा, आणि गोळ्यांनी त्याला मारला असं वाटायचं. बायपोलरवाल्या कितीतरी जणांना हे वाटतं आणि याच पायी गोळ्या सुटतात, असं मॅडम म्हणाल्या. त्यांनी त्या माणसाला वाईट म्हटलं नाही. फक्त विचारलं, त्या तीन महिन्यांत मुलीशी झालेलं एखादं बोलणं आठवतंय का. मी पाच मिनिटं आठवत बसलो. मनुक्यांचा भाव आठवत होता, बरण्यांच्या झाकणांचा व्यास आठवत होता, ती त्या दिवसांत काय म्हणाली ते एकही आठवेना. त्या दिवशी मी रडलो. पार्किंगमध्ये वीस मिनिटं नुसता गाडीवर बसून होतो. टिप म्हणाल तर ही, सेशननंतर लगेच ऑफिसात किंवा बाजारात जायचं ठेवू नका.

जूनअखेर बारा सेशन्स झाली, पीएचक्यू ९ वर आला. जुलैपासून पंधरा दिवसांनी एकदा.

याच सुमारास मी जरा वाचायला लागलो. अमेरिकेत १५ केंद्रांवर एक मोठा अभ्यास झाला होता, २००७ ला छापून आला, बायपोलरमधल्या डिप्रेशनच्याच २९३ लोकांवर. सगळे औषधांवर होतेच. काहींना नऊ महिन्यांत ३० पर्यंत सेशन्स, सीबीटी किंवा घरच्यांसोबतची थेरपी किंवा ती लयीवाली, आणि बाकीच्यांना फक्त तीन सेशन्सची माहितीवजा मदत. वर्षाअखेरीस भरपूर सेशन्सवाले ६४ टक्के सावरले, तीनवाले ५२ टक्के. मी आकडेवाला माणूस, मला आधी वाटलं एवढाच फरक? मग हिशोब केला, शंभरातले बारा जास्त. मी त्या बारातला आहे की तसाही सावरलो असतो हे कळायला मार्ग नाही. आणि तीनवाल्यांतलेही निम्मे सावरले, म्हणजे ज्याला एवढी सेशन्स परवडत नाहीत त्याने हात टेकायचं कारण नाही.

घरच्यांसोबत दोन सेशन्स झाली, १५०० ची एकेक. आई म्हणाली मी येणार नाही, डोक्याच्या डॉक्टरकडे, लोक काय म्हणतील. आली शेवटी. आत जाऊन तिने पहिलं वाक्य टाकलं, "याला लहानपणापासून बाहेर खेळायला पाठवायला पाहिजे होतं." बायको दीड वर्ष दर सकाळी मला विचारायची "झोप किती झाली?" आणि मला ते पोलीस चौकशीसारखं वाटायचं. आणि तिला वाटायचं की नाही विचारलं तर परत एक टेम्पो दारात येईल. हे दोघांनी एकमेकांना घरात कधी सांगितलं नव्हतं, तिथे सांगितलं. त्यातून एक कागद तयार झाला, आमच्या फ्रिजवर आहे. माझ्या वर जायच्या खुणा: सलग दोन रात्री पाच तासांहून कमी झोप आणि तरी थकवा नाही, सोसायटीच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज, एकाच दिवशी जुन्या चार मित्रांना फोन. खाली जायच्या खुणा: टॉवेल, आणि सकाळचं बोलणं अकराच्या पुढे. वर जायच्या खुणांपैकी दोन जुळल्या तर बायकोने फक्त म्हणायचं "कागद बघ", वाद नाही, आणि मी दुसऱ्या दिवशी सायकिॲट्रिस्टला फोन करायचा. ५००० च्या वरची खरेदी दोन रात्री नीट झोपून मग. यूपीआयची मर्यादा मी स्वतः कमी केली, क्रेडिट कार्ड तिच्या कपाटात.

अजून एक कागद केला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो, म्हणजे आपली मनस्थिती निर्णय घेण्याची नसेल तेव्हा उपचारांबाबत मदत कोणी करायची. साध्या कागदावर लिहून सही केली तरी चालतं. मी स्टॅम्प पेपर आणला होता, सवयीने. तो परत नेला.

आता ऑक्टोबर २०२४. गणपती आम्ही नीट सांभाळले होते, रात्रीची आरती झाली की मी घरी, मंडळाची पोरं हसली तरी. पण ऑडिटची ३० सप्टेंबरची मुदत सात दिवस वाढली, मग रिटर्न्सची धावपळ, आणि १६ ला कोजागिरी, गच्चीवर दूध, गप्पा, दोन वाजले. पुढच्या तीन रात्री साडेचार तास, आणि सकाळी एकदम ताजा. शनिवारी मी लेबल छापायचं मशीन बघत होतो, १४ हजारांचं, म्हटलं बरण्या पडूनच आहेत, दिवाळी तोंडावर आहे. बायको मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कागद बघ." मी इतका चिडलो की काय सांगू. म्हटलं माणसाने जरा खूश पण व्हायचं नाही का. ती गप्प. मुलगी फ्रिजपाशी गेली आणि कागद चुंबकासकट काढून माझ्यासमोर आणून ठेवला. त्यावर माझं अक्षर, माझी सही.

दुसऱ्या दिवशी रविवार असूनही डॉक्टरांना मेसेज केला, सोमवारी गेलो, त्यांनी औषधात बदल केला, झोपेची गोळी थोड्या दिवसांसाठी दिली. मॅडमनी सांगितलं अंधार लवकर करा, नऊनंतर ट्यूबलाइट आणि फोन बंद, झोप आली नाही तरी अंथरुणात. दहा दिवसांत उतरलं. नंतर खाली गेलोच, नोव्हेंबरच्या शेवटाला, पण तीन-साडेतीन आठवडे, आणि ऑफिस सुटलं नाही. २०२३ ला हेच वर्षभर चाललं होतं. मशीन घेतलं नाही.

पैशांचं एकदा सांगून टाकतो. पहिलं १८००, घरच्यांची दोन ३०००, बाकी २८ सेशन्सचे ३३,६००, एकूण ३८,४००, सोळा महिन्यांत. डॉक्टर आणि तपासण्या वेगळ्या. लिथियम स्वतः स्वस्त आहे. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत क्लेम टाकला होता, पावत्या, रेफरल चिठ्ठी, सीआरआर नंबर सगळं लावून. सात आठवड्यांनी नकार. कायद्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायला सांगितलंय, त्यामुळे मी जोरात होतो, पण आमच्या पॉलिसीत कुठल्याच आजाराची ओपीडी नाही, आणि थेरपी म्हणजे ओपीडीच. दुसऱ्यांना पॉलिसीचे बारीक नियम वाचून दाखवणारा मी, माझीच वाचली नव्हती. पॉलिसीत ओपीडी आहे का ते आधी बघा. पावत्यांवर नाव, तारीख, नोंदणी नंबर दर वेळी लिहून घ्या, एकदम मागायला गेलं की कोणाला सापडत नाहीत. ऑफिसात सरांना मी फक्त "उपचार चालू आहेत, शनिवारी बारानंतर येईन" एवढंच सांगितलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी दिली, निदान न लिहिलेली. अशी चिठ्ठी मागता येते.

जानेवारीपासून महिन्याला एक असं करत जुलैत थांबलो. आता तीन महिन्यांनी एकदा जाऊन येणार, आणि कागदावरची खूण दिसली तर आधीच. गोळ्या चालू आहेत, रक्तातली लिथियमची लेव्हल ०.७. तक्ता अजून लिहितो, वहीत. आज उठलो ६.३०, पहिलं बोलणं ६.४०, "गॅस संपलाय."

लोनचे पाच हप्ते राहिलेत. बरण्यांपैकी साधारण पावणेचारशे माळ्यावर आहेत, बाकी शेजारी-पाजारी, बायकोच्या शाळेत, आईच्या भिशीत गेल्या. शेवटच्या सेशनला मी मॅडमना एक नेली होती, त्या म्हणाल्या पेशंटकडून काही घेत नाही, म्हणून परत आणली. नाशिकमध्ये कोणाला लोणच्याला, मसाल्याला हव्या असतील तर सांगा, स्वतः येऊन न्याव्या लागतील, पैसे नकोत. झाकणं घट्ट बसतात.